दादांची अडतीस वर्षे शोधताना

दादा गेले तेव्हा सरकारी कागदांप्रमाणे ते ८८ वर्षांचे होते. वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका काढावी आणि ती नातलगांना, जुन्या विद्यार्थ्यांना व त्यांनी जिथे जिथे शिकवले त्या शाळांना द्यावी, असे आम्हा भावंडांचे ठरले. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. औसा आणि निलंगा या दोन तालुक्यांत प्राथमिक शाळांवर अडतीस वर्षे नोकरी केलेले शिक्षक, सहा भावंडांतले चौथे, आम्हा चौघांचे वडील, एवढी माहिती घरात सगळ्यांनाच होती आणि तेवढ्यावर काम भागेल असे सगळ्यांना वाटत होते.

आमच्या लातूर भागात अशा पुस्तिकांचा एक साचा ठरून गेला आहे. मुखपृष्ठावर फोटो, आत एका पानाचा जीवनपट, मग पुढाऱ्यांचे आणि संस्थाचालकांचे शोकसंदेश, आणि शेवटी कुटुंबीयांचे मनोगत. ‘शांत, संयमी, मितभाषी, विद्यार्थिप्रिय’ हे शब्द त्यात ठरलेले असतात. अशा कितीतरी पुस्तिका माझ्या कपाटात आहेत. त्यांतले नाव झाकून वाचले, तर ती कोणत्या माणसाविषयी आहे हे ओळखता येत नाही. दादांच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही, एवढे मी मनाशी पक्के केले होते.

प्रथम मी घरातल्या प्रत्येकाला एकेक पान लिहून द्यायला सांगितले. पाने आली, आणि ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, जिने पुढचे सगळे काम ठरवले. थोरल्या भावाने दादांच्या शेवटच्या दुखण्याविषयी लिहिले होते, वहिनीने त्यांच्या गोळ्यांच्या डबीविषयी, नातवंडांनी सकाळी फाटकाशी बसून पेपरची वाट पाहणाऱ्या आणि कानाचे यंत्र काढून ठेवणाऱ्या आजोबांविषयी. सगळे खरे होते आणि मायेने लिहिलेले होते. पण ते सगळे शेवटच्या आठ-दहा वर्षांचे होते. १९६५ साली दादा कोणत्या गावात होते, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही. दीर्घायुषी माणसाच्या बाबतीत हे होतेच असे आता मला वाटते. म्हातारपण लांबले की ते आधीच्या सगळ्या आयुष्यावर पसरते, आणि घरच्यांच्या आठवणीत उमेदीचा माणूस शिल्लकच राहत नाही. तो माणूस शोधायचा तर घराबाहेर पडायला हवे होते.

सुरुवात दादांच्या पत्र्याच्या ट्रंकेपासून झाली. तिच्यात पेन्शनच्या आदेशाखाली, पांढऱ्या फडक्यात बांधलेले त्यांचे दुय्यम सेवापुस्तक सापडले. मूळ सेवापुस्तक कार्यालयात राहते; ही नक्कल त्यांनी दर वर्षी नोंदी आणि सह्या करून घेऊन जपली होती. पहिल्या पानावर जन्मतारीख १ जून १९३६, आकड्यांत आणि अक्षरांत. त्याखाली उंची, ओळखीची खूण ‘उजव्या भुवईवर व्रण’, आणि डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे. ठशांची शाई तपकिरी पडलेली होती, पण अंगठ्याच्या रेषा अजून स्पष्ट मोजता येतील अशा होत्या. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते. पुढच्या पानांवर नेमणूक, वेतनवाढ, बदली, रजा, भोळे आयोगाची वेतननिश्चिती, सेवा पडताळणी, अशा ओळीमागून ओळी होत्या.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे असले कागद वाचण्याचा मला कंटाळा नाही. ओळींपेक्षा शिक्के पाहत गेले तेव्हा मराठवाड्याचा सारा इतिहासच त्या पुस्तकात उमटलेला दिसला. ऑगस्ट १९५६ मधली पहिली नेमणूक हैदराबाद राज्याच्या शिक्षण खात्याची आहे. तीनच महिन्यांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि शिक्का बदलला. १ मे १९६० नंतर तो महाराष्ट्र शासनाचा झाला, १ मे १९६२ पासून उस्मानाबाद जिल्हा परिषदेचा, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर लातूर जिल्हा परिषदेचा. चार वेळा धनी बदलले आणि दादा मात्र तेरणा-मांजरेच्या टापूबाहेर एकदाही गेले नाहीत. पुस्तिकेतल्या जीवनपटाला मी हाच कणा धरला. एका रकान्यात साल, दुसऱ्यात दादांची शाळा, तिसऱ्यात घरातली घटना आणि चौथ्यात त्या भागात काय चालले होते ते.

हा तक्ता भरताना एक जागा मात्र रिकामी राहिली. १९६७ च्या पानावर ‘विनावेतन असाधारण रजा, खाजगी कारणास्तव’ अशी सात महिन्यांची नोंद होती. दादांनी पगाराशिवाय सात महिने काढणे ही आमच्या घरात कल्पनेपलीकडची गोष्ट होती, कारण त्या पगारावर दोन घरे चालत होती. आईला विचारले. ती म्हणाली, “तवा मी बाळंतपणाला माहेरी होते, मला काय ठाव नाई.” तिने विषय तिथेच संपवला. मी तक्त्यात ‘रजा’ एवढेच लिहिले.

जन्मतारखेचाही शोध घेणे भाग होते, कारण १ जून ही तारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली, हे आमच्या पिढीपर्यंत सर्रास चालत आले आहे. दादांची पहिली शाळा औशाजवळच्या त्यांच्या गावातली, निजामाच्या काळातली. तिथल्या मुख्याध्यापकांनी फार आपुलकीने जुने कपाट उघडून दिले. त्यातले सर्वांत जुने रजिस्टर उर्दूत होते आणि तारखा निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनाच्या होत्या. महिन्यांची नावेही आजूर, बहमन, तीर, आबान अशी फारसी. औशातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना मी सोबत नेले होते. चष्मा कपाळावर चढवून आणि बोट ओळीवर ठेवून त्यांनी आमचे आडनाव शोधून काढले आणि मोठ्याने वाचले: फसली १३४५. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३५-३६. तारीख ठोकळ असेल, पण साल तरी खरे निघाले. परत निघताना ते गृहस्थ म्हणाले, “बाई, तुमच्या वालिदांची उर्दू फार साफ होती. आम्ही पेन्शनच्या दिवशी बँकेत भेटायचो तेव्हा उर्दूतच बोलायचो.” दादा नोटा नेहमी ‘उनतीस, तीस, इकतीस’ असे मोजत, ते आम्ही रोज ऐकत होतो. पण त्यांचे सुरुवातीचे सगळे शिक्षण त्या भाषेत झाले होते आणि बाराव्या वर्षी ते एकाएकी सुटले होते, हे कोणी मनावरच घेतले नव्हते.

ते कसे सुटले हे आत्याने सांगितले. आत्या दादांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, नव्वदी ओलांडलेली, पण बोलणे ठणठणीत. तिला साल विचारून उपयोग नाही, हे मला लवकरच कळले. कोणत्याही सालाला ती “लई दिस झाले” म्हणायची. मग मी प्रश्न बदलले. “तवा तू कुठं नांदत होतीस?”, “तुझा थोरला अंगावर पीत होता का चालत होता?”, “त्या साली ज्वारी कशी आली होती?” असे विचारले की एकेक गोष्ट तारखेइतकी नेमकी बाहेर येई. ज्यांना घरातल्या वृद्धांकडून माहिती घ्यायची आहे त्यांनी हे जरूर करून पाहावे. बाईमाणसाची कालगणना लग्न, बाळंतपण, दुष्काळ आणि मरण यांवर चालते, आणि ती फारशी चुकत नाही.

आत्याच्या सांगण्याप्रमाणे १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत वाढली तेव्हा आजोबांनी बायका-मुलांना बैलगाडीने बार्शीला नेऊन घातले. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरची. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे त्या वेळी अशीच बार्शी-सोलापूरकडे गेली होती. रात्री गाडी चालायची, दिवसा ओढ्याकाठच्या झाडीत थांबायचे, आणि बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढून दादांच्या मांडीवर ठेवलेल्या असायच्या. त्या वाजू न देण्याचे काम त्यांच्याकडे होते. बार्शीत दादा प्रथमच संपूर्ण मराठी शाळेत बसले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, कुटुंब काही महिन्यांनी गावी परतले, पण दादा मॅट्रिकपर्यंत मराठीच शिकले. बार्शीच्या त्या वर्गात गणिताची उत्तरे त्यांना येत, पण ती मराठीत सांगता येत नसत, म्हणून मुले हसत, असे ते आत्याला त्या काळी सांगत. पुढे निलंगा तालुक्यातल्या सीमेवरच्या एका गावात त्यांची बदली झाली, जिथे निम्मी मुले घरी कन्नड बोलत. निलंगा तालुका १९५६ पर्यंत, आता कर्नाटकात असलेल्या बीदर जिल्ह्यातच होता. तिथल्या पहिलीच्या मुलांसाठी दादांनी स्वतः कन्नड अंक आणि घरातल्या वस्तूंची नावे शिकून घेतली. मला हे तिथल्या एका ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने सांगितले. “गुर्जी आधी आमचं बोलले, मग आमी त्यांचं बोललाव,” असे त्याचे शब्द होते. मी ते तसेच छापले.

गावोगाव फिरण्याविषयी थोडे सांगायला हवे. बदलीच्या नोंदींवरून गावांची यादी केली आणि भाच्याच्या गाडीतून एकेक गाव घेत गेले. शाळेत जाण्यापेक्षा पारावर किंवा किराणा दुकानाच्या ओट्यावर बसणे अधिक उपयोगी पडले. तिथे एक म्हातारा माणूस भेटला की तो दुसऱ्याला हाक मारून बोलावी. शाळेत मात्र लॉगबुक मिळे, ज्यात तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांचे शेरे असतात. माणसांच्या आठवणीतले गुरुजी आणि लॉगबुकातले गुरुजी पुष्कळदा जुळत नसत. अधिकाऱ्यांनी ‘टाचणवही अपूर्ण’ (टाचणवही म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीची वही) असा शेरा ज्या वर्षी मारला होता, ते १९७२ चे वर्ष होते. त्याच वर्षाविषयी गावातल्या लोकांनी जे सांगितले ते वेगळेच. दुष्काळात अर्धी शाळा आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली होती. दादा संध्याकाळी कंदील घेऊन तलावाच्या भरावाजवळ जात, सुकडीचा खाऊ वाटून होईपर्यंत मुलांना बसवून घेत आणि पाढे, उजळणी आणि एक धडा करून परतत. त्या साली खाल्लेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव सांगताना एका आजींनी तोंड वाकडे केले आणि लगेच म्हणाल्या, “पन बे एके बे तितंच पाठ झालं बगा.” टाचण अपूर्ण राहिल्याचा शेरा आणि आजींचे म्हणणे, दोन्ही मी एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही खरे आहेत.

सगळ्या आठवणी अशा गोड नव्हत्या. एका गावात एका वयस्क माणसाने चहा पाजला, गादीवर बसवले, आणि मग शांतपणे उजव्या हाताची करंगळी दाखवली. ती मधल्या पेरात वाकडी होती. “हे गुर्जींच्या छडीनं. तिसरीत. नंतर म्या शाळेत गेलोच नाई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण त्याला ते मला सांगायचे होते हे स्पष्ट दिसत होते. मी विचारले की हे छापले तर चालेल का. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, “खरं हाय ते. छापा.” घरी मोठा वाद झाला. थोरल्या भावाचे म्हणणे पडले की श्राद्धाच्या दिवशी वाटायच्या पुस्तिकेत हे कशाला. त्या काळी सगळेच मास्तर मारत. धाकट्याला वाटत होते की नाव न घालता एक ओळ द्यावी. शेवटी आईला विचारले. आई म्हणाली, “मारायचे की. तुमाला बी मारलंय. लिहा.” तो मजकूर अर्ध्या पानाचा झाला आणि पुस्तिकेत राहिला. मला तो हवा होता, कारण ज्या माणसाच्या हातून कोणाचे बोट वाकडे झाले तोच माणूस कंदील घेऊन तलावावर गेला होता, आणि यातले एक काढून टाकले तर दुसऱ्याला वजन उरत नाही.

शोधात सर्वांत जास्त वेळ मी जिथे थांबले ते किल्लारीच्या परिसरातले गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा दादा त्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. दादा त्या रात्री लातूरला घरी होते म्हणून वाचले. आमच्या भागातली जुनी घरे दगड-मातीच्या रुंद भिंतींची आणि वर माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. वर्षानुवर्षे माती चढवून माळवद जड झालेले असते. त्या ओझ्याखाली माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाविषयी दादा घरी कधीच बोलले नाहीत. ते सकाळी निघून गेले आणि पुष्कळ दिवस आलेच नाहीत, एवढेच मला आठवत होते. तिथे त्यांनी काय केले ते मला गावाच्या नव्या वसाहतीतल्या शाळेत कळले.

शाळेची इमारत पडली होती आणि नंतरच्या दिवसांत पाऊसही झाला. ढिगाऱ्यातून दादांनी शाळेचे जनरल रजिस्टर शोधून काढले. ज्यांनी कधी शाळेचे दप्तर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, या रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख असते, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. भूकंपानंतर मदत, घर, वारसांची रक्कम या सगळ्यांसाठी कोण कोणाचा मुलगा, कोणाचे वय किती, याचे पुरावे लागत होते, आणि गावातली रेशनकार्डे, सातबारे, सगळे घरांबरोबर गाडले गेले होते. गावात लिहिलेला असा एकच कागद उरला होता, आणि तो भिजून फुगला होता. दादांनी तो विटांचे तुकडे ठेवून उन्हात वाळवला. मग पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी तो संपूर्ण नव्या वहीत उतरवून काढला आणि मागेल त्याला त्यावरून उतारे लिहून दिले. कोणत्या घरात कोण उरले आहे हे त्यांना पाठ होते, त्यामुळे वारसांच्या भांडणात त्यांचाच शब्द अखेरचा मानला जाई, असे गावचे माजी सरपंच म्हणाले.

ती वही अजून शाळेच्या कपाटात आहे आणि अजून तिच्यावरून उतारे दिले जातात. मुख्याध्यापिकांनी ती माझ्यासमोर ठेवली. दादांचे अक्षर मी लगेच ओळखले; त्यांच्या ‘ळ’ची शेपटी नेहमी खालच्या ओळीपर्यंत जायची. मुलांची नावे निळ्या शाईने आणि मुलींची लाल शाईने, ही जुनी रीत त्यांनी शेडमध्येही पाळली होती. शेवटच्या रकान्यात कित्येक नावांसमोर एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेले होते: ‘मयत, भूकंप, दि. ३०-९-९३’. पहिलीच्या वर्गाचे एक पान असे होते की त्यावर शेरा नसलेल्या ओळी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. कुठे खाडाखोड नव्हती, कुठे ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण करून वेळ वाचवलेला नव्हता. प्रत्येक नावासमोर तो शेरा पूर्ण लिहिला होता. ३१ मे १९९४ ला ते निवृत्त झाले. शाळेतून निरोप घेताना त्यांनी सत्कार नाकारला होता, हे आम्हाला ठाऊक होते आणि ते मानी स्वभावाचे म्हणून नाकारला असेल असे आम्ही समजत होतो. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मी त्या वहीच्या मुखपृष्ठाचा फोटो घेतला. आतल्या पानाचा घेतला नाही. ती नावे त्या गावाची आहेत.

घरातले दादा सापडले ते जमाखर्चाच्या वह्यांत. १९५८ पासून त्यांनी रोजचा हिशेब लिहिला होता. ‘सोसायटी हप्ता’, ‘ज्वारी दोन पोती’, ‘आईस लुगडे’, ‘सायकल अॅडव्हान्स कपात’, ‘मनीऑर्डर आबांस’. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गावी तीन एकर कोरडवाहू करणारे. दर महिन्याची मनीऑर्डर आणि तिची पावती दोऱ्यात ओवून ठेवलेली. दोन बहिणींची लग्ने, आबांच्या मुलांचे लातूरचे वसतिगृह, आमच्या ताईचे डी.एड., सगळे त्या पगारात झाले. १९७० च्या दिवाळीच्या पानावर ‘कापड मुलांस’ असे लिहून पुढे चार नावे आहेत आणि पाचव्या ओळीवर ‘स्वतः’ लिहून खोडले आहे. याविषयी मी पुस्तिकेत काहीही भाष्य केले नाही, फक्त ते पान जसेच्या तसे छापले.

लिहून झाल्यावर छपाईचे काम तुलनेने सोपे होते. लातूरला एका डीटीपी करणाऱ्या मुलाने मजकूर जुळवला. निवृत्त लोकांनी टाइप करून पाठवलेल्या जुन्या फॉन्टमधल्या आठवणींची जोडाक्षरे फुटत होती, ती मी हाताने दुरुस्त केली. शोकसंदेश घेतले नाहीत, त्यामुळे दोन-तीन मंडळी नाराज झाली. दादांचे आजारपण दोन पानांत बसवले. त्यावर वहिनी थोडी खट्टू झाली, कारण शेवटची सगळी सेवा तिने केली होती. म्हणून ती दोन पाने तिनेच लिहावीत असे ठरले, आणि तिने ती फार चांगली लिहिली.

पुस्तिका वाटल्यावर फोन येऊ लागले. केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या एकांनी फोटोतले चुकीचे नाव सांगितले, एका गावाने आपल्याकडच्या शाळेचे वर्ष दुरुस्त करून दिले. आणि एका संध्याकाळी आबांच्या थोरल्या मुलीचा, आमच्या आक्काचा, उदगीरहून फोन आला. तक्त्यात १९६७ समोर नुसते ‘रजा’ असे वाचून तिला राहवले नव्हते. त्या वर्षी आबांना क्षय झाला होता. आमच्या भागातले रोगी तेव्हा मिरजेला नेत. दादा आबांना घेऊन मिरजेला गेले, तिथेच खोली करून राहिले, स्वतः स्वयंपाक करून डबा नेत राहिले, आणि सात महिन्यांनी दोघे परत आले. घरात क्षय आहे हे कळले असते तर आक्काचे आणि तिच्या बहिणीचे लग्न जमले नसते, म्हणून गावात ‘थोरला भाऊ पुण्याकडे कामाला गेला’ असे सांगितले होते, आणि ते गुपित आईसकट सगळ्यांनी सत्तावन्न वर्षे पाळले होते. जमाखर्चाची १९६७ ची वही ट्रंकेत का नव्हती याचाही उलगडा मला त्याच वेळी झाला.

मी आक्काला विचारले की हे दुसऱ्या आवृत्तीत घातले तर तुझ्या सासरी काही अडचण होईल का. ती म्हणाली, “आता कशाची अडचण, नातवंडं झाली माझ्या पोरींना. आबाचं आन् काकाचं नाव एका जागी येऊ दे.” आईनेही मान डोलावली आणि त्या सात महिन्यांत माहेरी आपण काय काय खोटे सांगितले ते मग सविस्तर सांगितले. दुसऱ्या आवृत्तीची प्रत आता छापखान्यात आहे. तक्त्यातल्या त्या ओळीत ‘रजा’ या शब्दापुढे आता असे लिहिले आहे: ‘१९६७. थोरल्या भावाच्या क्षयावरील उपचारांसाठी सात महिने मिरज येथे. पगार बंद. मनीऑर्डर बंद. भाऊ बरे होऊन परतले; पुढे ३१ वर्षे शेती केली.’